निरौषध उपचाराचा भार कोणावर?

स्त्रीची पाळी कायमची थांबते तो काळ सुखरूप पार पाडण्यास औषध घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नावर आपल्याकडील सुशिक्षित घरांतून आज दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की हा निसर्गक्रम आहे, त्यात औषधाचे काही काम नाही, चार-दोन वर्षे सोसले म्हणजे सारे आपोआप निवळते. दुसरा पक्ष म्हणतो की शरीरातील एका आवश्यक द्रव्याचा तुटवडा पडला असता तो बाहेरून भरून काढणे हेच शहाणपणाचे, आणि तो न भरणे ही निव्वळ हयगय. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेतले असता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की दोघांनीही हा मामला त्या एकट्या बाईचा ठरवून टाकलेला आहे. तिने सोसावे किंवा तिने गोळी घ्यावी. घराने काय करावे, हा मुद्दा कोणाच्याच कैफियतीत दाखल झालेला नाही. औषधाविना हा काळ निभावता येतो, आणि पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत तो तसा निभावणे योग्यही असते, असे माझे मत आहे. परंतु त्या मार्गाला जो खर्च येतो तो गोळीच्या खर्चाहून कितीतरी मोठा असतो, आणि तो सगळा तिच्याच खाती मांडणे हा अन्याय आहे, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

प्रथम या काळाचे स्वरूप पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती थांबली असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरीने ५१ च्या आसपास असते, तर भारतीय स्त्रियांत ते ४६-४७ च्या सुमारास येते. सुश्रुतसंहितेने बाराव्या वर्षी ऋतुप्राप्ती आणि पन्नासाव्या वर्षी ऋतुक्षय असा क्रम सांगितला आहे. इतक्या शतकांपूर्वीचा हा अंदाज आजच्या मोजमापाच्या किती जवळ जातो, हे पाहून त्या निरीक्षकांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मात्र त्या काळी पन्नाशी गाठणे हेच भाग्याचे होते, आणि आज सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबलेल्या बाईपुढे बहुधा पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. म्हणजे जो काळ आपण संध्याछाया म्हणून एका वाक्यात निकालात काढतो, तो वस्तुतः तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा होय.

बीजांडकोशांतून होणारा इस्ट्रोजेनचा पुरवठा प्रथम अनियमित होतो व मग जवळजवळ थांबतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या नावाचे जे केंद्र शरीराचे तापमान राखते, त्यातील काही पेशींना या संप्रेरकाचा लगाम असतो; तो सुटला की त्या पेशी अतिसंवेदनशील बनतात, आणि एरवी ज्या किंचित उष्णतेची शरीर दखलही घेत नाही तेवढ्यानेच ते सर्व शक्ती पणाला लावून स्वतःस थंड करू पाहते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती धडधडते, घामाने पोलके भिजते आणि दोन-चार मिनिटांत हुडहुडी भरते. आपल्या बायका यालाच अंगातून वाफा निघणे म्हणतात, जीव घाबराघुबरा होणे म्हणतात. रात्री हेच घडले म्हणजे झोप मोडते. झोप मोडली म्हणजे दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, नाव आठवत नाही, कामात मन लागत नाही. आणि घरातील मंडळी त्या चिडचिडीचा दोष तिच्या स्वभावावर ठेवून मोकळी होतात. हे किती काळ चालते? अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या एका पाहणीचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला; त्यानुसार ज्यांना वारंवार वाफा येतात अशा स्त्रियांत हा त्रास निम्म्याजणींना ७.४ वर्षांहून अधिक काळ भोगावा लागला. तेव्हा चार-दोन वर्षांत सारे निवळते हे जे आश्वासन वडीलधाऱ्या बायका देतात, ते सदिच्छेने दिलेले असले तरी पुष्कळजणींच्या बाबतीत खरे ठरत नाही.

आमच्या आज्या-पणज्यांनी कधी याचा बभ्रा केला नाही, हा युक्तिवाद येथे हटकून पुढे येतो, आणि त्याचा परामर्श आधीच घेतलेला बरा. त्यांनी बभ्रा केला नाही हे खरे. परंतु त्यांना विचारले कोणी होते? राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्यापूर्वी कधी काळी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार नसणे आणि दुःख नसणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. शिवाय त्या आज्या म्हातारपणी कशा वाकल्या हे आपण पाहिलेलेच आहे. पाठीला आलेला तो बाक पुष्कळदा ठिसूळ झालेल्या मणक्यांच्या दबून मोडण्याचा असतो. आणि न्हाणीघरात घसरण्याचे निमित्त होऊन जी आजी अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही, ही हकीकत ज्या घरात घडली नाही असे घर विरळा. तिच्या खुब्याचे हाड त्या दिवशी मोडले खरे, पण ते मोडण्याची तयारी तीस वर्षे आधी, पाळी थांबताना, सुरू झाली होती.

आता औषधाच्या बाजूचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आजची भीती आणि आजचा मोह या दोहोंची मुळे त्यात आहेत. गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन 'प्रेमारिन' या नावाने १९४२ साली अमेरिकेत विक्रीस आले. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून पाळी थांबणे हा तुटवड्याचा रोग आहे आणि गोळी घेणारी स्त्री सदैव स्त्री राहील, असा प्रचार केला. त्यात स्त्रीचे मोल तिच्या तारुण्यावर आणि पतीच्या समाधानावर ठरविण्याची जी वृत्ती होती, तिचा निषेध आजही केला पाहिजे. १९७५ साली एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले, तेव्हा जोडीला दुसरे संप्रेरक देण्याची तजवीज झाली. पुढे 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अमेरिकन प्रयोगातील १६,६०८ स्त्रियांवर चाललेली या जोडऔषधाची चाचणी २००२ सालच्या जुलैत मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. कारण दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अधिक आढळले, आणि हृदयविकार व पक्षाघातही वाढलेले दिसले. त्यानंतर जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी थांबून बहुतेकींना दहा-बारा वर्षे लोटली होती, हा तपशील मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला नाही. पुढील फेरतपासणीत साठीच्या आतील किंवा पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना धोका पुष्कळ कमी आणि लाभ अधिक असतो, असे दिसून आले. तेव्हा ज्या स्त्रीला त्रास असह्य आहे आणि जिला वैद्यकीय हरकत नाही, तिने संप्रेरके घेतली तर तिला भित्री किंवा नाजूक म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई, रक्तात गुठळी झालेली बाई, आणि सर्व ऐकून-समजून जी आपल्या इच्छेने औषध नको म्हणते ती बाई, या सर्वांसाठी निरौषध मार्गाचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले गेले पाहिजे.

प्रामाणिकपणे, असे मी मुद्दाम म्हणतो. कारण या क्षेत्रात भोळेपणाचा व्यापार फार चालतो. चूर्ण, काढा, अर्क, कॅप्सूल यांना निसर्गाचे नाव देऊन ते औषध नव्हेच असा भास निर्माण केला जातो. बाटलीवर पान छापले म्हणून आतील द्रव्य औषध व्हायचे थांबत नाही. त्याला गुण असेल तर अपायही असू शकतो, आणि गुणच नसेल तर पैसे व्यर्थ जातात. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांची जी तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तीत सुमारे पाचव्या हिश्शाच्या उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ब्लॅक कोहॉश या अमेरिकन मुळीचे नाव या संदर्भात फार घेतले जाते. २००६ साली पूर्ण वर्षभराच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा ती मुळी आणि नुसत्या पिठाची गोळी यांत काही फरक दिसला नाही. येथे एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावयाची, ती अशी की वाफांच्या बाबतीत पिठाच्या गोळीनेही त्रास पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्याचे आढळते. म्हणून अमुक काढ्याने मला उतार पडला, असे शेजारीण सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. पण तेवढ्यावरून काढ्याची शिफारस सिद्ध होत नाही.

उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली संप्रेरकांवाचूनच्या उपायांचा जो आढावा घेतला, तो वाचून अनेकांची निराशा होईल. वाफा कमी करण्यास निश्चित उपयोगी अशा निरौषध उपायांत तिने प्रामुख्याने तीनच गोष्टी ठेवल्या: विचारपद्धती व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचारपद्धती, तज्ज्ञाकरवी दिलेले संमोहन, आणि वजन जास्त असल्यास ते उतरविणे. योग, व्यायाम, मंद श्वसन, सोयाबीन, चहा-तिखट वर्ज्य करणे, पंख्याखाली बसणे या साऱ्यांना वाफांवरचा उपाय म्हणून पुरेसा पुरावा नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचण्यांत बारा आठवडे योगाभ्यास किंवा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या वाफा इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत; झोप मात्र थोडी सुधारली. योगाच्या देशात हे वाचणे जड जाते, हे मी जाणतो. परंतु योगाने झोप लागत असेल, मन स्थिर होत असेल, तर तेवढ्यासाठी तो अवश्य करावा. जे काम तो करीत नाही ते त्याच्या नावावर लावू नये, म्हणजे रोज आसने करूनही घाम येतो या कारणाने एखादी बाई स्वतःलाच दोष देत बसणार नाही.

त्या तिहींपैकी पहिला उपाय अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ मायरा हंटर आणि त्यांचे सहकारी यांनी दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एक चाचणी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या, म्हणजे ज्यांना संप्रेरके देता येत नाहीत, अशा स्त्रियांवर होती. दुसरीत काहीजणी चार आठवडे गटाने एकत्र बसल्या आणि काहीजणींनी घरी पुस्तिकेच्या आधाराने तोच पाठ गिरवला. दोहोंनाही लाभ झाला. या उपचाराने वाफांची संख्या फारशी घटत नाही. वाफ येते तेव्हा होणारा मनस्ताप घटतो. हे ऐकून कोणी म्हणेल की मग उपयोग काय? उपयोग असा की त्रासाचा मोठा हिस्सा त्या दोन मिनिटांच्या उष्णतेत नसून तिच्याभोवती जमणाऱ्या विचारांत असतो. लोकलच्या डब्यात किंवा कचेरीतल्या बैठकीत चेहरा लाल झाला की सगळे माझ्याचकडे पाहत आहेत, मी म्हातारी झाले, माझ्यावर आता कोणी काम सोपविणार नाही, मला वेड तर लागणार नाही ना, अशी विचारांची मालिका सुरू होते, छाती अधिक धडधडते, आणि शरीराची उष्णता मनाच्या भीतीने दुणावते. तो विचार ओळखणे, त्याला साक्षीपुराव्याने तपासणे, वाफ आली असता श्वास लांब सोडून ती जाऊ देणे, रात्री जाग आली तर घड्याळाकडे न पाहणे, अशा साध्या गोष्टी तेथे शिकविल्या जातात. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०२४ साली या पद्धतीचा पर्याय म्हणून समावेश झाला आहे. मराठीतून असे चार आठवड्यांचे वर्ग महिला मंडळांनी, ग्रंथालयांनी, आरोग्यकेंद्रांनी चालविणे मुळीच अवघड नाही. त्यास यंत्रसामग्री लागत नाही, एक शिकलेली मार्गदर्शिका आणि एक बंद दार पुरते.

मनाचा आणि समाजाचा या शारीरिक घटनेशी असलेला संबंध मानवशास्त्रज्ञांनी फार पूर्वी पाहिला आहे. मार्शा फ्लिंट या विदुषीने राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातील रजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ साली असे मांडले की पाळीतील फेरफारांपलीकडे या स्त्रिया फारशी तक्रार करीत नाहीत. आणि याचे कारण तिने असे दिले की पाळी थांबताच त्यांचा पडदा सुटे, पुरुषांच्या बैठकीत येऊन बसण्याची त्यांना मुभा मिळे, म्हणजे तेथे हा टप्पा शिक्षेचा न राहता बक्षिसाचा होई. मार्गारेट लॉक यांनी जपानी स्त्रियांचा अभ्यास करून १९९३ साली दाखविले की तेथे वाफांची तक्रार अमेरिकेहून पुष्कळ कमी आणि खांदे आखडण्याची तक्रार अधिक आढळते. या अभ्यासांवर आक्षेप घेता येतात. परक्या बाईपुढे रजपूत स्त्री कितपत मोकळी झाली असेल हा त्यांतील पहिला. तरी त्यांतील गाभा मला खरा वाटतो, कारण तो आपल्या घरातही दिसतो. जिने तीस-पस्तीस वर्षे दरमहा बाजूला बसून काढली, देवघर, लोणच्याची बरणी, गौरीची ओवसणी या सर्वांपासून जी चार दिवस दूर राहिली, ती पाळी गेली तेव्हा सुटले असे म्हणाली, आणि तो उद्गार खरा होता. परंतु विटाळाचा जाच संपल्याने मिळालेली ती सुटका होती. आपणच लादलेला जाच काढून घेतला म्हणून आपण त्या बाईला काही दिले, असे समाजाने समजू नये. आज शहरातील पुष्कळ घरांतून तो जाच आधीच गेला आहे, ही समाधानाची गोष्ट. पण मग सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला मिळावयाचे जे नवे स्थान, जो अधिकार, जी उसंत, ती कोठे आहे?

उसंतीचा हा प्रश्न हाडांच्या आणि आहाराच्या बाबतीत तर फारच ठळक होतो. पाळी थांबण्याच्या सुमारास पाच-सात वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते, आणि वाफांप्रमाणे ती जाणवत नाही. कॅल्शियमची दिवसाची गरज हजार ते बाराशे मिलिग्रॅम असते. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे, आणि तितक्याच तिळांत हजारांहून अधिक मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, ताक, मेथी-शेवग्याचा पाला, डाळी आणि रोज थोडे ऊन, हे सर्व आपल्या स्वयंपाकघरात व अंगणात उपलब्ध आहे. फक्त ते बाईच्या ताटात पडत नाही, कारण ती सर्वांमागून जेवते आणि दूध मुलांना पुरवून उरले तर पिते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या चाचणीत पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास देखरेखीखाली जड वजने उचलावयास लावली, तेव्हा त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. नुसत्या संथ फिरण्याने हे घडत नाही; स्नायूंना ओझे आणि हाडांना ताण मिळावा लागतो. पन्नाशीच्या बाईने वजने उचलावीत हे आपल्याकडे हसण्यावारी नेले जाते, आणि तीच बाई गॅसचे सिलिंडर सरकविते तेव्हा कोणाला हसू येत नाही. वजने उचलण्याची मात्र नीट शिकवण हवी, ज्यांना आधी अस्थिभंग झाला आहे त्यांनी तर ती घेतल्यावाचून सुरुवातही करू नये.

एका त्रासाविषयी आपण इतके गप्प असतो की तो येथे स्पष्टच लिहिला पाहिजे. योनिमार्ग कोरडा पडणे, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला वारंवार जावे लागणे, खोकताना वा हसताना लघवी सुटणे, या गोष्टी वाफांप्रमाणे काळाने आपोआप जात नाहीत. दुर्लक्ष केले तर वाढतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली सांगितला, तो आजही लघवी सुटण्यावरील पहिला उपाय आहे; कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात संप्रेरकविरहित मलमे मिळतात. तेवढ्याने न भागल्यास योनिमार्गात लावावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडे उतरते, आणि ते घेतल्याने निरौषध राहण्याचा संकल्प मोडला असे मानून हळहळण्याचे कारण नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिता येते हे सिद्ध केले होते. त्यानंतर इतक्या वर्षांनीही पत्नी पतीला हे सांगू शकत नसेल, आणि पती तिच्या नकाराला रुसवा समजत असेल, तर ती कुचंबणा आपली सर्वांची आहे.

आता या साऱ्याचा जमाखर्च मांडून पाहा. गोळी घ्यावयास एक घोट पाणी लागते. निरौषध मार्गाला अखंड झोप लागते, आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामाला मोकळा तास लागतो, दुपारच्या उकाड्यात स्वयंपाकघरातून सुटका लागते, वेळेवर जेवण लागते, आपले दुःख बोलून दाखविण्यास एक माणूस लागते. आणि ज्या वयात हे सर्व हवे असते त्याच वयात मुलीची बारावी असते, सासूबाईंचे गुडघे किंवा सासऱ्यांचे पथ्य असते, नोकरीत जबाबदारी वाढलेली असते, पहाटे पाचला डबे भरावयाचे असतात. पत्नीने औषध घेऊ नये, सगळे नैसर्गिकरीत्या व्हावे, असे आग्रहाने म्हणणाऱ्या गृहस्थांना मी विचारू इच्छितो की त्या निसर्गासाठी आपण आपल्या दिवसातील किती वेळ काढून दिला आहे? रात्री तिची झोप मोडली असता सकाळचा चहा आणि डबे कोण करते? वेगळ्या पांघरुणाची, खिडकीजवळच्या बिछान्याची व्यवस्था तिने मागण्यापूर्वी कोणी केली आहे काय? हे काही न करता औषधाला विरोध करणे म्हणजे तिच्या सोशिकपणावर घराची काटकसर साधणे होय, आणि अशा काटकसरीला तत्त्वनिष्ठा म्हणता येणार नाही.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे, ती महाराष्ट्राने विसरू नये. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. कित्येकींचे वय तिशीच्या आतबाहेर होते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड, अशा व्यवस्थेत पाळीचे दुखणे परवडत नाही, म्हणून अवयवच काढून टाकण्याचा सल्ला स्वस्त वाटू लागला. ज्यांचे बीजांडकोशही त्यात गेले, त्यांना रजोनिवृत्ती एका रात्रीत आली. ज्यांचे राहिले, त्यांनाही ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. अशा स्त्रीला, किंवा चाळिशीपूर्वी ज्यांची पाळी आपोआप थांबली त्यांना, नाचणी आणि प्राणायाम सांगून परत पाठविणे हा अपराध आहे. त्यांच्या हाडांना आणि हृदयाला दहा-वीस वर्षांचे संरक्षण अकाली नाहीसे झालेले असते, आणि वैद्यकीय हरकत नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे हाच त्यांच्यासाठी मान्य उपचार आहे. शहरातील सुखवस्तू बाईने विचारपूर्वक औषध नाकारणे आणि ऊसतोड बाईला औषध कोणी देऊच न करणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या तरी त्यांना एकाच नावाने ओळखू नये. जिच्यापुढे दोन्ही दारे उघडी आहेत तिच्याच निवडीला निवड म्हणता येते.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. शासनाकडे ती अशी की प्राथमिक आरोग्यकेंद्रात गरोदरपणाची जशी नोंद होते, तशी चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची विचारपूस व्हावी: रक्तदाब, साखर, हाडे, झोप आणि मन, आणि तेथील परिचारिकेला व आशाताईला वर सांगितलेल्या मानसोपचारपद्धतीचे प्राथमिक शिक्षण मिळावे. घराकडे ती याहून सोपी आहे. आपल्या घरात पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची बाई असेल, तर तिला झोप कशी लागते हे आज विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि सकाळच्या कामांतील दोन कामे तिने न सांगता कायमची आपल्या अंगावर घ्या. पाळी थांबून वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले असे ती म्हणाली, मग ते थेंबभर का असेना, तर घरचा कोणताही उपाय न करता त्याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो, आणि वेळीच कळला तर तो बहुधा बरा होतो.